नागरिकाच्या परदेशी पत्नीचा प्रवेश आणि वैधानिक सवलत : अमेरिकेतील कायद्यांचा आढावा (१९२४ ते १९५२)

प्रस्तावना :
विवाह ही खाजगी बाब मानली जात असली तरी पती-पत्नी भिन्न देशांचे असतील तर त्यांचे सहजीवन राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहते. परदेशी पत्नीला प्रवेश नाकारणारा कायदा प्रत्यक्षात नागरिकाच्याच हक्काचा संकोच करतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कायद्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

बंदीचे स्वरूप :
१९२४ च्या स्थलांतर कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना काही अपवाद वगळता प्रवेशबंदी केली. चिनी, जपानी आणि १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यानंतर भारतीयही या वर्गात मोडत होते. २५ मे १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चांग चान खटल्यात नागरिकांच्या चिनी पत्नींना प्रवेश नाकारला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निर्णयाने मात्र अमेरिकेत राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांच्या पत्नींना चीनशी झालेल्या कराराच्या आधारे प्रवेश मिळाला. परकीय व्यापाऱ्याला जे मिळाले ते नागरिकाला मिळाले नाही. हा दोष कायद्याच्या शब्दांतच असल्याने त्याचे निराकरण अमेरिकन काँग्रेसकडूनच होणे शक्य होते.

सवलतींचे टप्पे :
काँग्रेसने बंदी कायम ठेवून तिला अपवाद जोडले. १९३० च्या दुरुस्तीने चिनी पत्नींना प्रवेश दिला. परंतु विवाह २६ मे १९२४ पूर्वी झालेला असावा, अशी अट घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर २८ डिसेंबर १९४५ च्या 'वॉर ब्राइड्स' कायद्याने सैनिकांच्या जोडीदारांना तीन वर्षांपुरती सवलत दिली, तरी वांशिक अपात्रता तशीच राहिली. त्यामुळे जपानमधील सैनिकांच्या पत्नींना तिचा लाभ मिळेना. २२ जुलै १९४७ च्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली. मात्र त्या तारखेपूर्वी किंवा तिच्यानंतर ३० दिवसांच्या आत झालेले विवाहच पात्र ठरले. मुदतीनंतर विवाह केलेल्या सैनिकाची सेवा तीच असूनही त्याची पत्नी या सवलतीबाहेर राहिली.

समारोप :
१९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने नागरिकत्वासाठीची वांशिक अट रद्द केली आणि नागरिकांच्या जोडीदारांना, वंश कोणताही असो, कोट्याबाहेर स्थान दिले. तोपर्यंतच्या प्रत्येक सवलतीत कुटुंबाचे भवितव्य विवाहाची तारीख, पतीची सैनिकी सेवा किंवा पत्नीचा वंश यांवर ठरत होते. अपवादांनी काही कुटुंबे एकत्र आणली, हे मान्य करावे लागेल. तथापि नागरिकाचा कौटुंबिक हक्क मूळ नियम बदलल्यानंतरच सर्वांना सारखा लाभला, असे या आढाव्यावरून दिसून येते.