माकडबेटाचे वारसदार

१ एप्रिल २०२२ रोजी गेमकार रॉन गिल्बर्टने आपल्या संकेतस्थळावर लिहिलं, की आपण चाच्यांच्या जगातल्या ‘मंकी आयलंड’ मालिकेचा नवा गेम करायचं ठरवलं आहे. तारीख बघून अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. तीन दिवसांनी रीतसर झलक आली आणि चाळिशी-पन्नाशीतल्या कितीतरी माणसांना भरून आलं. या मालिकेतला गिल्बर्टचा आधीचा गेम १९९१ सालचा. त्याच्या अखेरीला त्याने अशी गाठ मारून ठेवली होती, की पुढची तीस वर्षं चाहते त्यावर हुज्जत घालत होते. आता ती सुटणार होती.

जूनच्या शेवटी गेम प्रत्यक्ष कसा दिसतो ते लोकांनी पाहिलं आणि वारं फिरलं. कलादिग्दर्शक रेक्स क्राउलची पात्रं कोनदार होती, कागदातून कापून काढल्यासारखी. चाहत्यांना हवे होते जुने ठोकळेदार पिक्सेल. टीका चित्रांवरून चित्रकारावर आणि तिथून गिल्बर्टवर घसरली. अखेर त्याने अभिप्राय बंद केले आणि या गेमबद्दल आपण आणखी काही लिहिणार नाही असं सांगून टाकलं. ज्यांनी त्याची इतकी वर्षं वाट पाहिली होती, त्यांच्यातल्याच काहींनी त्याला गप्प बसवलं.

ही मंडळी कोण आणि त्यांना एवढा हक्क वाटतो कशाच्या जोरावर? ‘चाहते वेडे असतात’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण साहसी गेमच्या चाहत्यांचा इतिहास पाहिला तर त्यांची बाजू वाटते तितकी पोकळ नाही.

हे गेम एकट्याने खेळायचे. समोर प्रतिस्पर्धी नाही, घड्याळ नाही. पडद्यावर एक चित्र असतं. वस्तू उचलायच्या, एकमेकींवर वापरून बघायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कोडं सुटलं की गोष्ट पुढे सरकते. अडलं की दिवसच्या दिवस अडतं. त्या काळात कंपन्या उत्तरांची पुस्तकं वेगळी विकत आणि पैसे आकारून फोनवर सूचनाही देत. ‘मंकी आयलंड २’मध्ये तर भर जंगलात एक टेलिफोन आहे आणि नायक त्यावरून कंपनीच्याच मदत-क्रमांकाला फोन लावतो!

अमेरिकेत या खेळांची दोन घराणी झाली. पहिलं सिएराचं. केन आणि रोबर्टा विल्यम्स या नवरा-बायकोने १९७९ साली काढलेली ही कंपनी, आणि रोबर्टाचा १९८४चा ‘किंग्ज क्वेस्ट’ हा तिचा मानदंड. दुसरं घराणं लुकासफिल्म गेम्सचं, पुढे लुकासआर्ट्स झालेलं; गिल्बर्ट इथलाच. दोन्हींच्या चाहत्यांत कलगीवाले आणि तुरेवाले शोभावेत अशी जुंपायची, आणि मुद्दा तात्त्विक होता : खेळणाऱ्याला मरू द्यावं की नाही?

सिएराच्या गेममध्ये मरण पावलोपावली. ते एक वेळ चालेल, खेळ जपून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करता येतो. पण ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये एक मांजर उंदराच्या मागे धावताना क्षणभर दिसतं. त्याच क्षणी मांजराला जुना बूट फेकून मारला नाही तर उंदीर मरतो. बऱ्याच वेळाने तुम्हाला बांधून तळघरात टाकलं जातं आणि दोऱ्या कुरतडायला तोच उंदीर लागतो. तो मेलेला असेल तर खेळ संपला, आणि चूक कुठे झाली हे कळायलाही मार्ग नाही. वाटेत भूक लागली म्हणून खाऊन टाकलेला कस्टर्ड पाय हा गोड पदार्थ असाच पुढे हिममानवासमोर हवा असतो. चाहते याला कस म्हणत. मला तो खेळणाऱ्याच्या वेळेचा अपमान वाटतो.

गिल्बर्टलाही तसंच वाटत होतं. साहसी गेम वाईट का असतात यावर १९८९ साली त्याने एक लेख लिहिला. नकळत झालेल्या चुकीसाठी खेळणाऱ्याला कायमचं अडकवू नये, हा त्यातला एक मुद्दा. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये त्याने तो पाळला आणि वर सिएराला चिमटाही काढला. नायक गायब्रश थ्रीपवुड एका कड्यावर उभा राहतो, कडा ढासळतो, तो खाली कोसळतो. पडद्यावर हुबेहूब सिएराच्या धाटणीची चौकट उमटते : खेळ पुन्हा सुरू करायचा की सोडायचा? दुसऱ्याच क्षणी गायब्रश खालून उसळी मारून जागेवर येतो आणि म्हणतो, खाली रबराचं झाड होतं. या अख्ख्या गेममध्ये तो एकाच ठिकाणी मरू शकतो. आपण दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी बढाई तो मारत असतो. त्याला पाण्याखाली खरोखर दहा मिनिटं ठेवलं तर मरतो. यातल्या तलवारबाजीत जिंकतो तो चपखल टोमणा परतवणारा, हात कितीही चालोत.

दुसरा भाग चाच्यांच्या जगातून एकदम एका जत्रेच्या मैदानात येऊन संपला. गायब्रश आणि त्याचा वैरी लेचक ही दोन लहान मुलं निघाली! मग हे सगळं पोरांचं खेळणं होतं, की ही जादूटोण्याची भूल? उत्तर न देताच गिल्बर्टने १९९२ साली कंपनी सोडली आणि मुलांचे गेम करणारी स्वतःची संस्था काढली. नावावरचा हक्क अर्थातच लुकासआर्ट्सकडे राहिला. १९९७ साली दुसऱ्याच मंडळींनी तिसरा भाग केला, २००० साली आणखी निराळ्यांनी चौथा. तिथे चाहत्यांत उभी फूट पडली. एका गटाच्या मते गिल्बर्टशिवाय जे झालं ते खरं नव्हेच. दुसरा गट तिसऱ्या भागावरच लहानाचा मोठा झालेला.

दरम्यान धंदा बसत चालला होता. १९९८च्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये मारामारी घुसली आणि राजघराण्याबाहेरचा नायक आला, तो जुन्यांना पचला नाही. १९९९ साली सिएराच्या ‘गॅब्रिएल नाइट ३’ने कळस केला. नायकाला मोटरसायकल भाड्याने हवी, ती मोझली नावाच्या मित्रासाठी राखून ठेवलेली. म्हणून मोझलीचं सोंग घ्यायचं. त्यासाठी दाराच्या फटीला चिकटपट्टी लावायची, मांजरावर पाणी फवारून त्याला त्या फटीतून पळवायचं, पट्टीला चिकटलेल्या केसांची मिशी करून ती पाकाने ओठावर डकवायची. आता गंमत अशी, की मोझलीला मिशीच नाही. तेव्हा त्याचा पासपोर्ट लांबवून फोटोवर पेनने मिशी काढायची! एरिक वोलपॉ नावाच्या विनोदी लेखकाने या कोड्याची सालटी काढली आणि साहसी गेम कुणी मारला नाही, त्याने आत्महत्या केली असा निष्कर्ष काढला. हाच वोलपॉ पुढे २००७ सालच्या ‘पोर्टल’ या गेमचा एक लेखक झाला, म्हणजे नुसता टवाळखोर नव्हता.

मार्च २००४मध्ये लुकासआर्ट्सने जवळपास तयार झालेला ‘सॅम अँड मॅक्स’ या साहसी गेमचा नवा भाग बाजाराचं कारण देऊन रद्द केला. या सुमाराची काही वर्षं ही घराणी मालकांनी वाऱ्यावर सोडली आणि ती सांभाळली चाहत्यांनी. आजच्या हक्काची मुळं इथे आहेत.

सगळ्यात मोठं काम ‘स्कमव्हीएम’चं. गिल्बर्टने १९८७च्या ‘मॅनिअॅक मॅन्शन’साठी अॅरिक विलमंडरसोबत ‘स्कम’ नावाची यंत्रणा रचली होती. तिच्यात गोष्ट, संवाद, कोडी हे सगळं एका बाजूला आणि ते वाचून पडद्यावर आणणारा दुभाष्या प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला. संगणक बदलला तर फक्त दुभाष्या नवा लिहायचा. हीच गोष्ट हेरून लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी २००१ साली ‘स्कमव्हीएम’ हा मोफत, खुला दुभाष्या लिहिला. डॉसवरचे गेम नव्या विंडोजवर, पुढे मोबाइलवरही चालू लागले. त्यात कोट्यवधींची गुंतवणूक नव्हती. रात्री जागून केलेलं फुकटचं काम होतं. ब्रिटनच्या रेव्होल्यूशन कंपनीने तर आपल्या ‘बिनीथ अ स्टील स्काय’चा मूळ कोड या मंडळींच्या हाती दिला आणि २००३ साली गेमच मोफत करून टाकला. कालांतराने सिएराचे गेमही याच प्रोग्रॅममध्ये आले. दोन्ही घराणी आता एकाच यादीत नांदतात.

‘किंग्ज क्वेस्ट’च्या चाहत्यांनी तर स्वतःच नवा भाग करायला घेतला. २००५ साली तत्कालीन मालक विवेंदीने काम थांबवण्याची नोटीस धाडली. चाहत्यांनी पत्रांचा भडिमार केला, तेव्हा पैसे कमवायचे नाहीत आणि नाव बदलायचं या अटींवर परवानगी मिळाली. मालकी अॅक्टिव्हिजनकडे गेल्यावर २०१०च्या सुरुवातीला पुन्हा नोटीस आली. पुन्हा ओरड झाली, पुन्हा माघार, आणि त्याच वर्षी जुलैत ‘द सिल्व्हर लायनिंग’चा पहिला भाग बाहेर पडला. मग २०१२मध्ये टिम शेफरच्या डबल फाइन कंपनीने नव्या साहसी गेमसाठी लोकांकडे ४ लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक जणांनी ३३ लाखांवर दिले.

ज्यांनी वस्तू जिवंत ठेवली, पैसा ओतला, नोटिसा झेलल्या, त्यांना ती आपली वाटली तर नवल नाही. माझं दुमत पुढे सुरू होतं. राखणदाराचं काम आहे तशी ठेवण्याचं असतं. लेखकाचं काम तसं नसतं. शिवाय ‘आहे तशी’ म्हणजे कशी? पहिला ‘मंकी आयलंड’ आधी १६ रंगांत आला, मग २५६ रंगांत. दुसऱ्या भागाची दृश्यं कागदावर रंगवून स्कॅन केलेली. तिसऱ्यात गायब्रश व्यंगचित्रपटातल्यासारखा लंबूटांग झाला, चौथ्यात त्रिमिती बाहुला. या मालिकेचं रूप प्रत्येक वेळी बदललं आहे. १९९०चे पिक्सेल ही कुणाची आवड नव्हती, त्या वेळच्या यंत्राची ती मजल होती. गिल्बर्टला पिक्सेलचं वावडं आहे असंही नाही. २०१७चा ‘थिंबलवीड पार्क’ त्याने जाणूनबुजून त्याच वळणाचा केला.

‘रिटर्न टू मंकी आयलंड’ १९ सप्टेंबर २०२२ला आला आणि सुरू झाला तो थेट त्या जत्रेच्या मैदानातून. इतक्या वर्षांचं रहस्य ज्या पेटीत होतं ती उघडली तर आत निघाला एक टीशर्ट. पहिल्या भागातही खजिना खणल्यावर टीशर्टच मिळाला होता, त्यामुळे काहीजण खदखदून हसले. काहींना मात्र ती थट्टा आपली वाटली.

चार महिन्यांनी, जानेवारी २०२३मध्ये, दुसऱ्या घराण्याची धनीणही परतली. रोबर्टा विल्यम्सने नवं काही रचलं नाही. विल क्राउथर आणि डॉन वूड्स यांचा सत्तरच्या दशकातला ‘कलॉसल केव्ह’, ज्यात चित्र नव्हतं, नुसते शब्द होते, तो तिने त्रिमितीत उभा केला. याच गेमने झपाटून तिने १९८० साली आपला पहिला गेम रचला होता. इथे ती मालकीण नव्हती, चाहती होती, आणि वागलीही तशीच : ठरावीक वेळाने विझणारा दिवा, गुणांचा हिशेब, भूलभुलैये, सगळं मुळाबरहुकूम ठेवलं. समीक्षकांची तक्रार आली, की बाई, एवढ्या वर्षांनी काहीतरी बदलायचं होतं.