चांदीचे औषधी गुण : समजूत आणि प्रचीती

बाळाच्या बारशाला चांदीची वाटी व चमचा देण्याची रीत आपल्याकडे आहे. चांदीत ठेवलेले अन्नपाणी शुद्ध राहते, ही समजूत त्या रीतीसोबत चालत आली. ती जगातही जुनी आहे. इराणचा राजा सायरस स्वारीवर निघाला की खोआस्पीस नदीचे पाणी चांदीच्या भांड्यांतून बरोबर नेले जाई, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. मात्र ते पाणी आधी उकळलेले असे, हेही तोच नोंदवतो. मग श्रेय अग्नीचे की चांदीचे? असा प्रश्न विचारणे म्हणजेच विज्ञानाचा आरंभ, असे आम्ही मानतो.

या प्रश्नाला साजेसे काम जर्मनीतील लायपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी केले. जन्मतेवेळी आईकडून जंतुसंसर्ग होऊन त्या काळी कित्येक अर्भकांची दृष्टी कायमची जाई. 1880 च्या सुमारास क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब घालण्यास प्रारंभ केला आणि आजारी बालकांची काटेकोर मोजणी ठेवली. पूर्वी शंभरांत सुमारे दहा बालकांना होणारा हा विकार शंभरांत एकाहूनही कमी बालकांवर आला. पुढे प्रतिजैविकांची मलमे आली व अनेक देशांत हे थेंब मागे पडले.

चांदी जंतूंना मारते कशी? ओलाव्यात तिच्यापासून विद्युत्भारित अणू, म्हणजे आयन, सुटतात. ते जंतूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना चिकटतात, पेशीचे आवरण बिघडवतात व तिचे श्वसन थांबवतात. परंतु घन चांदीतून हे आयन फार थोडे व सावकाश सुटतात. दुधातील प्रथिने त्यांतलेही काही बांधून ठेवतात. म्हणून चांदीची वाटीदेखील स्वच्छ धुऊनच वापरावी लागते.

1968 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम पुढे आणले. ते जगभर वापरले गेले. पुढील अभ्यासांतून मात्र काही जखमा त्यामुळे उशिरा भरतात असे दिसून आले. म्हणून वैद्य आता ते विचारपूर्वक निवडतात. पिण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘चांदीच्या पाण्या’ची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याने कोणताही रोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट चांदी शरीरात साचून त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. या विकारास आर्जिरिया म्हणतात.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कोणाचा हात भाजला, तर प्रथम त्यावर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे आणि मलम वैद्यांच्या सल्ल्यानेच लावावे. धातू मौल्यवान आहे म्हणून तो औषध ठरत नाही. कोठे, किती व कशासाठी वापरला यावरच त्याचा गुण अवलंबून असतो.