गुजरीतल्या काट्यावर एक स्कूप

पावडर गुलाबी होती, कलिंगडाच्या वासाची. जिमच्या काळ्या रबरी मॅटवर ती सांडली होती आणि मधोमध अकरावीतला एक पोरगा गुडघ्यांवर बसून खोकत होता. समोर त्याचा दोस्त मोबाईल धरून उभा. रील काढायचं चाललं होतं: मान वर करायची, प्री-वर्कआउटचा भरलेला स्कूप कोरडाच घशात उलटायचा, वर पाण्याचा एक घोट, की थेट बेंचवर. याला ‘ड्राय स्कूपिंग’ म्हणतात. कोरडी भुकटी श्वासाबरोबर आत ओढली गेली की काय होतं, ते मी समोर बघत होतो.

खोकला थांबल्यावर पहिलं वाक्य, "सर, रीलमध्ये सगळेच करतात की."

थोड्या वेळानं बोटं थरथरायला लागली. मनगट धरून पंधरा सेकंद मोजले. अडतीस ठोके. म्हणजे मिनिटाला 152, आणि तेही नुसतं बसून. शेजारच्या डॉक्टरांकडं नेलं, ईसीजी नीट आला, तासा-दीड तासात पोरगं थाऱ्यावर आलं. त्याच्या आईला फोन करताना आवाज मात्र माझा कापत होता.

कोल्हापुरात अठरा वर्षं मी जिम चालवतोय. त्याआधी तालमीत होतो. तिथं मेहनत झाल्यावर थंडाई मिळायची आणि कुणाला किती बदाम, हे वस्ताद मोजून ठरवायचे. मेहनतीच्या *आधी* काही घ्यायचं असतं, हे जिममध्ये आल्यावर कळलं. मी या पावडरीच्या विरोधात नाही. पहाटे साडेपाचच्या बॅचआधी अर्धा स्कूप पेलाभर पाण्यात ढवळून मी स्वतः घेतो.

डब्यात खरं काम करणारी गोष्ट एकच, कॅफिन. दिवसभरात शरीरात अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि ते मेंदूला ‘दमलास, थांब’ म्हणून सांगतं. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून निरोप पोचत नाही. दमणूक असतेच, कळत नाही एवढंच. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालतं. कोवळ्या वयाच्या मुलांसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं वजनाच्या किलोमागं 3 मिलिग्रॅम असा दिवसाचा हिशेब दिलाय. आमचं पोरगं 52 किलोचं, म्हणजे 156. त्याच्या डब्यावर एका स्कूपला 300 लिहिलेलं. आपल्याकडं एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये फार तर 75. आणि त्या कॅनवरही मुलांनी पिऊ नये असं छापावं लागतं. पोरानं चार कॅन एका घोटात घेतले होते. निदान मला तसं वाटलं होतं.

बाकीचा मसाला थोडक्यात. तोंडाला, कानांना मुंग्या येतात त्या बीटा-अ‍ॅलानिनमुळं. पोरं म्हणतात, ‘किक बसली’. त्या मुंग्यांचा ताकदीशी काही संबंध नाही, त्रासही नाही. बीटा-अ‍ॅलानिनचा उपयोग व्हायचा तर ते रोज, काही आठवडे घ्यावं लागतं. क्रिएटिनचंही तसंच. रोज 3 ते 5 ग्रॅम, व्यायामाआधी की नंतर यानं फारसा फरक पडत नाही.

आता स्कूपकडं येतो. दुसऱ्या दिवशी पोराचा डबा घेऊन गुजरीत गेलो. शाळेतला माझा एक सोबती तिथं सराफ आहे. "अरे, सोन्याच्या काट्यावर कसली रांगोळी आणलीस?" म्हणाला, पण कागद अंथरून दिला. डब्यावर एक सर्व्हिंग म्हणजे 10 ग्रॅम. स्कूप भरून वरून पट्टीनं सपाट केला: 9.8. मग पोरं घेतात तसा शीग लावून, डब्याच्या कडेला दाबून काढला: 14.6. म्हणजे कॅफिन 300 नव्हे, 438. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा एका घासात पार.

वेल्समध्ये 2021 साली 29 वर्षांचा एक पर्सनल ट्रेनर असाच मापानं गेला. त्याच्याकडं शुद्ध कॅफिनची पावडर होती आणि घ्यायचं होतं 60 ते 300 मिलिग्रॅम. हाताशी जो काटा होता तो 2 ग्रॅमच्या खालचं वजन दाखवतच नव्हता. कित्येक ग्रॅम पोटात गेलं. हे सांगितल्यावर माझ्या सराफ दोस्तानं आपला काटा पुन्हा शून्यावर आणला आणि म्हणाला, "मिलिग्रॅमचा माल आणि भाजीचा काटा!"

अमेरिकेत टिकटॉकवरचे प्री-वर्कआउटचे 100 व्हिडिओ तपासले, त्यात योग्य पद्धतीनं घेतल्याचे निघाले फक्त 8. टिकटॉक आपल्याकडं 2020 मध्येच बंद झालं, पण सवय रील्सवर आली.

माझ्या जिममध्ये जास्त गर्दी संध्याकाळी सातला. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सातला 300 घेतलं तर रात्री बाराला 150 अंगात. झोप नाही, सकाळी कॉलेजात डोळे लाल, संध्याकाळी पुन्हा स्कूप. स्नायू झोपेत भरतो हो, बेंचवर नाही.

नव्या पोराचा डबा आला की मी आधी मागची बाजू वाचतो. एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आहे का, कॅफिनचा आकडा स्वतंत्र लिहिलाय का. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून सगळं एकाच बेरजेत कोंबलं असेल तर तो डबा माझ्या दारातून आत येत नाही. डीएमएए नावाचं उत्तेजक असेल तर प्रश्नच नाही. 2012 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या मैलात कोसळून गेलेल्या तिशीतल्या धावपटू बाईच्या पाण्यात तेच होतं. अठराच्या आतल्याला, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला, गरोदर बाईला मी सरळ नाही म्हणतो. मोठ्यांना सांगतो, पाव स्कूपनं सुरू करा, त्या दिवशीचा चहा-कॉफी त्यात धरा आणि छातीत धडधडलं तर सेट पुरा करायच्या भानगडीत पडू नका.

एवढी कटकट करायला आणखी एक कारण आहे. किक कमी वाटायला लागली की कुणीतरी कानाशी येऊन ‘इंजेक्शन घे’ म्हणतं. ते मेफेंटरमिन असतं, ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. ते जिमच्या पोरांना विकणाऱ्यांना महाराष्ट्रात पोलिसांनी पकडलेलं आहे.

पोरगं आता माझ्यासमोर दोन केळी खाऊन बेंचवर जातं. दुकानदार फोडलेला डबा परत घेईना, म्हणून पोरानं तो मला निम्म्या किमतीत विकला. कलिंगडाचा वास मला आवडत नाही, आणि अर्ध्या स्कूपच्या हिशेबानं तो संपता संपणार नाही.