काचबिंदू: लेझरने दाब घटतो, गेलेली दृष्टी परत येत नाही

रायपूर : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळू शकते, काचबिंदूत गमावलेली दृष्टी मात्र परत येत नाही. डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावल्यास दाब वाढतो आणि दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते. बहुधा वेदना नसल्याने रुग्णाला हे उशिरा कळते.

खुल्या कोनाच्या काचबिंदूत ‘सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी’ ही पद्धत उपयुक्त ठरते. थेंबांनी डोळा बधिर करून निचऱ्याच्या जाळीवर लेझरचे सूक्ष्म झोत सोडले जातात. चिरा द्यावा लागत नाही. उपचार काही मिनिटांत आटोपतो. दाब साधारणपणे 20 ते 30 टक्के कमी होतो. ब्रिटनमधील ‘लाइट’ चाचणीच्या 2019 मधील निष्कर्षांनुसार, प्रथम लेझर उपचार घेतलेल्या सुमारे 74 टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना अपेक्षित मर्यादेत होता.

हा परिणाम कालांतराने ओसरू शकतो. गरजेनुसार उपचार पुन्हा करता येतो. त्यामुळे लेझरनंतरही नियमित तपासणी अपरिहार्य ठरते, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याविना थेंब बंद करणे धोक्याचे असते. चाळिशीनंतर, विशेषतः कुटुंबात काचबिंदू असल्यास, रायपूरच्या एम्ससारख्या रुग्णालयाच्या नेत्र विभागात वेळीच तपासणी करून घेणे हिताचे ठरते.