चोख हिशेबाचे डॉक्टर

पेढीची पत तिच्या भांडवलापेक्षा तिच्या वहीवर अधिक उभी असते, हे व्यापारी घराण्यांना निराळे सांगावे लागत नाही. वहीतील नोंद खरी असेल, तर मंदीचे वर्षही निभावते. नोंद खोटी असेल, तर तेजीही तारत नाही. हाच नियम वैद्यकीय व्यवसायात आयुष्यभर पाळणाऱ्या एका डॉक्टरांची कर्मभूमी म्हणजे रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे तालुके. पद्मश्री डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर हे त्यांचे नाव.

जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी एवढी की, मिळेल ते काम करीत शिक्षण पुरे करावे लागले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर 1976 साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून त्यांनी एम. डी. केले. शहरात दवाखाना थाटण्याचा मार्ग मोकळा असतानाही ते पुन्हा याच डोंगराळ मुलखात परतले.

या मुलखात तेव्हा लाल विंचवाची मोठी दहशत होती. जांभ्या दगडाच्या फटीत, सरपणात, भाताच्या पेंढ्यात दडलेला हा बोटाएवढा जीव धडधाकट माणसाचा आणि विशेषतः लहान मुलांचा प्राण घेई. उतारा म्हणून मंत्र, अंगारे आणि झाडपाला चाले. रुग्णालयात आणलेल्या रुग्णांपैकीही गंभीर दंश झालेले शंभरातील पंचवीस-तीस जण दगावत.

डॉ. बावस्करांनी आरंभ केला तो नोंदीपासून. दंश किती वाजता झाला, घाम कधी फुटला, हातपाय केव्हा गार पडले, रक्तदाब कधी चढला आणि कधी कोसळला, याची टिपणे ते रुग्णाच्या उशाशी बसून ठेवू लागले. त्या टिपणांतून रोगाची चाल उलगडत गेली. विषामुळे शरीरातील मज्जातंतू एकाएकी उद्दीपित होतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. या आरंभीच्या लक्षणांवरील त्यांचा निबंध 1982 साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोगाची चाल कळल्यावर उपायाची दिशा गवसली. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध बाजारात होतेच. पोटात घ्यायची साधी गोळी, खेड्यातही परवडणारी. दर किलो वजनामागे 30 मायक्रोग्रॅम या मात्रेने ती द्यावयाची आणि हातपाय कोमट होईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा द्यावयाची, अशी पद्धत त्यांनी बसविली. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीच्या सहकारी होत्या. उभयतांचा प्राझोसिनवरील लेख 1986 साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. या उपचारानंतर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या खाली उतरले. पुढे दोघांनी महाडला स्वतःचे रुग्णालय उभारले.

या जमाखर्चातील एक नोंद विशेष बोलकी आहे. ज्या प्राझोसिनने त्यांना कीर्ती दिली, त्याचीच त्यांनी पुन्हा परीक्षा घेतली. पस्तीस रुग्णांना केवळ प्राझोसिन आणि दुसऱ्या पस्तिसांना प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरील लस, अशी तुलना महाडला झाली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटातील 8 आणि दुसऱ्या गटातील 32. आपल्या औषधाला लसीची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरे होतात, हा निष्कर्ष त्यांनी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून स्वतःच जगापुढे मांडला. स्वतःच्या खात्यावरची तूट स्वतःच्याच हाताने लिहिणारी लेखणी दुर्मिळ असते.

2013 साली या हिशेबीपणाची निराळी कसोटी लागली. त्यांनी तपासणीसाठी पाठविलेल्या एका रुग्णापोटी एका केंद्राकडून त्यांच्या नावे 1200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नोंदविली. रुग्ण पाठविण्याबद्दल डॉक्टरने दलाली घेणे 2002 च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरविलेले आहे; तरीही ही ‘कट प्रॅक्टिस’ आड पडद्याने चालते, ही गोष्ट या तक्रारीमुळे उघडपणे चर्चेत आली.

व्यापारी वाचकाच्या मनात येथे सहज प्रश्न उभा राहील. आडत आणि दलाली तर बाजारातही असते. मग दोष कोठे? फरक पट्टीत आहे. बाजारातील हिशेबपट्टीवर आडत, हमाली, तोलाई निरनिराळी लिहिलेली असते. ज्याच्या खिशातून पैसा जातो, त्याला तो दिसतो. रुग्णाच्या पावतीवर मात्र डॉक्टरचा वाटा कधीच लिहिलेला नसतो. शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी भाव विचारू शकते. वेदनेने व्याकूळ झालेला रुग्ण भाव विचारीत नाही, तो विश्वास ठेवतो. त्या विश्वासावर गुपचूप घेतलेली रक्कम मग बाराशे असो वा बारा रुपये, ती परक्याचीच.

रुग्णालयाबाहेरच्या वेळात डॉक्टरांनी लेखणी मराठीतही चालविली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मचरित्र दारिद्र्याचा तो प्रवास आडपडदा न ठेवता सांगते. 2022 साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

घरातील मुलाने वा मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी आकांक्षा आज अनेक व्यापारी कुटुंबे बाळगतात. त्यासाठी लागणारा पैसा कुटुंब उभा करते. त्याच्याच जोडीला वही कशी ठेवावी, हा पिढीजात वारसाही मुलांच्या हाती दिला, तर ते शिक्षण सत्कारणी लागेल.