हेडर बसवताय? आधी गास्केटचं बघा!

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याने आपल्या जुन्या मारुती ८०० ला बाजारातला हेडर बसवून घेतला. उज्जैनहून इंदूरला निघालो, तेव्हा नवीन आवाजामुळे स्वारी एकदम खूश होती. पण सांवेर मागे पडलं आणि मागच्या सीटवरची ताई म्हणाली, "अरे, डोकं जड झालंय, काच खाली कर." दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू केली, तर बोनेटमधून बारीक टक् टक् आवाज. इंजिन आणि हेडरच्या जोडावर काजळी जमली होती. मेकॅनिकने जुनंच गास्केट ठेवून वर लाल सिलिकॉन थापलं होतं.

आपल्या घरातल्या बऱ्याच मुलामुलींना गाड्यांची हौस आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

इंजिनमधून निघणारा धूर सगळ्यात आधी मॅनिफोल्डमध्ये येतो. कंपनीचा मॅनिफोल्ड बहुधा जाड बिडाचा असतो. हेडरमध्ये मात्र प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असते, आणि त्या नळ्या एका पट्टीला म्हणजे फ्लँजला वेल्ड केलेल्या असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ही पट्टी वाकू शकते. पट्टी पातळ असेल तर जास्तच. म्हणून बसवण्याआधी तिच्यावर सरळ स्टीलची पट्टी धरून पाहावी. खालून फीलर गेजचं पान सहज सरकत असेल, तर फ्लँज आधी सपाट करून घ्यायला हवा. ही चूक कुठलंही गास्केट फार दिवस झाकत नाही.

आता गास्केट कोणतं? ग्राफाइटचं, आत स्टीलचा पत्रा असलेलं गास्केट थोडाफार उंचसखलपणा भरून काढतं. हौशी कामाला ते सोयीचं. अनेक पदरी स्टीलचं गास्केट टिकाऊ, पण त्याला दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट आणि स्वच्छ लागतात. तांब्याचं गास्केट तापवून पुन्हा मऊ करता येतं. कोणतंही घेतलंत तरी त्याचं भोक इंजिनच्या भोकापेक्षा किंचित मोठं असू द्या. कड आत आली तर धुराच्या वाटेत अडथळा होतो आणि ती जळतेही. आणि एकदा दाबलं गेलेलं ग्राफाइटचं गास्केट पुन्हा वापरू नका.

सीलंटचा मोह इथेच टाळायचा. लाल सिलिकॉन साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअस सोसतं. पेट्रोल इंजिनचा धूर जोरात चालवताना ८०० अंशांच्या वर जाऊ शकतो. सिलिकॉन जळून जातं आणि मागे फट उरते. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे, तिथे चुकीच्या सिलिकॉनची वाफ सेन्सरही खराब करते. एक्झॉस्टची सिमेंटसारखी पेस्ट मिळते, ती मागच्या बाजूला एकात एक सरकणाऱ्या पाइपांच्या जोडासाठी. इंजिनजवळच्या फ्लँजवर गास्केट कोरडंच बसवावं.

स्टडवर उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावा. नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. आकडा गाडीच्या किंवा गास्केटच्या माहितीपत्रकातून घ्या. गाडी काही वेळा तापून पूर्ण थंड झाली, की नट पुन्हा तपासा. गास्केट दबून ते थोडे सैल झालेले असतात.

एवढी काळजी कशासाठी? धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. बोनेटमधली गळती काचेखालच्या जाळीतून थेट केबिनमध्ये येते. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही त्याची पहिली खूण. ताईने काच उघडायला सांगितलं, ते बरं झालं. गोपाळ मंदिरामागच्या अरुंद गल्ल्यांत किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून कधीच बसू नका.

आणखी एक गोष्ट. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तो काढून हेडर लावला, तर प्रदूषण वाढतं आणि कायदाही मोडतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या, तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

भाच्याने अखेर फ्लँज सपाट करून घेतला, नवं गास्केट कोरडं बसवलं, नट दोनदा तपासले. टक् टक् बंद झाली. परवा ताई पुन्हा त्याच गाडीतून इंदूरला गेली आणि सांवेरच्या पुढे मस्त झोपली. हौस जरूर करा, पण मागच्या सीटवर कोण बसणार आहे, हे आधी आठवा.