बदलीचा हुकूम आला, आता मुलांच्या शाळेचं काय?

बडोद्याच्या तरसालीत राहणाऱ्यांना मकरपुऱ्याच्या हवाई दलाच्या ठाण्याचा शेजार सवयीचा आहे. तिकडे फत्तेगंजला लष्कराचं ईएमई स्कूल आहे. त्यामुळे आपल्या सोसायट्यांतून दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या फौजी कुटुंबाचा ट्रक भरतो किंवा रिकामा होतो. या धांदलीत मुलांचं काही राहून जाऊ नये, म्हणून काय कधी करायचं ते क्रमाने पाहू.

पोस्टिंगचा हुकूम हाती पडला की आधी मुलांना सांगावं. ‘तारीख पक्की होऊ दे, मग सांगू’ असं आपण म्हणतो. तोवर मुलांच्या कानावर फोनवरचं बोलणं गेलेलं असतं, आणि घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय एवढंच त्यांच्या मनात राहतं. गाव कोणतं, बाबा सोबत असतील का, ही शाळा कधी सुटणार, यातलं जेवढं ठाऊक असेल तेवढं सांगावं. बाकीचं ‘अजून कळलं नाही’ म्हटलेलंही मुलं समजून घेतात.

मग कागद. सैनिकाचं लग्न, मुलांचे जन्म, नावं यांची युनिट जी अधिकृत नोंद काढतं तिला लष्करात ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात, हवाई दलात ‘पीओआर’. पुढे भत्ता असो वा शिष्यवृत्ती, मुलाचं नाव या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आपला मराठी क्रम. नोंदीत आडनाव आधी आलेलं. आधारवर वडिलांचं नावच गळालेलं, आणि स्पेलिंग तिन्हीकडे तीन तऱ्हांचं. मूल लहान असताना, वडील नोकरीत असताना ही दुरुस्ती युनिटमार्फत होते. निवृत्तीनंतर त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही.

शाळेचे रस्ते दोन. केंद्रीय विद्यालयं १९६३ पासून उभी राहिली तीच बदलीच्या नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी. पहिल्या वर्षी २० रेजिमेंटल शाळा त्यात घेतल्या गेल्या. मूल आधीच केंद्रीय विद्यालयात असेल तर तिथला शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, आणि बदलीचा हुकूम घेऊन नव्या गावच्या विद्यालयात जावं. वडिलांना कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी पोस्टिंग झालं, तर कुटुंब जिथे राहणार तिथल्या विद्यालयातही असा दाखला चालतो.

मूल दुसऱ्या शाळेतून येत असेल तर मात्र हा नवा प्रवेश ठरतो. त्यात मागच्या ७ वर्षांत किती बदल्या झाल्या यावर क्रम लागतो, म्हणून युनिटकडून बदल्यांचं प्रमाणपत्र आधीच घ्यावं. आणि नव्या शाळेत जागा आहे का, हे विचारल्याशिवाय जुन्या शाळेतून नाव काढू नये. घाईने दाखला काढून मूल दोन महिने घरी बसल्याची उदाहरणं कमी नाहीत. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे दहावीत किंवा बारावीत शाळा बदलणं अवघड जातं. तेव्हा मूल आणि आई मागे राहिलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बडोद्याला येणाऱ्या मुलांपुढे आणखी एक गोष्ट उभी राहते, ती गुजराती. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी ही भाषा शिकवणं सक्तीचं झालं. पठाणकोटहून थेट सहावीत आलेल्या मुलाला फळ्यावरचं एक अक्षर ओळखता येत नाही, आणि तो ‘ढ’ आहे असा समज पहिल्या आठवड्यातच होऊन बसतो. वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी भेटून हे सांगावं, सवलत मिळते का तेही विचारावं. मराठी मुलाला एक फायदा असतो. गुजराती म्हणजे बरीचशी शिरोरेषा नसलेली देवनागरीच. अ, इ, ख, च, ज, झ, ब अशी थोडी अक्षरं फसवतात, तेवढी वेगळी लिहून भिंतीवर लावावीत. संध्याकाळी तरसालीच्या रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत जावं. महिना-दीड महिन्यात मूल वाचू लागतं.

वडील ‘फील्ड’ला, म्हणजे सीमेवर किंवा कुटुंब नेता येत नाही अशा जागी गेले की घरात वेगळी शांतता येते. लहान मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, मोठं चिडचिड करतं किंवा अचानक फार शहाणं होतं. या शहाण्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं. ‘आता घरातला पुरुष तूच’ हे वाक्य आजी-आजोबा प्रेमाने बोलतात, पण दहा वर्षांच्या खांद्यावर ते टाकू नये. फोन अमुक वाजता येईल असं वचनही देऊ नका, तिकडे रेंज नसते. झोप, जेवण, अभ्यास यांचा विस्कोट काही आठवडे टिकला तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करावा. मनाच्या तक्रारींसाठीची ही सरकारी, मोफत सेवा आहे. सैन्यदलांतल्यांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) सुरू झाला.

पैशांचं थोडक्यात. नोकरीत असताना दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो, १ जानेवारी २०२४ पासून दरमहा प्रत्येकी २,८१२ रुपये ५० पैसे. शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र पुरतं. आई-वडील दोघंही सरकारी नोकरीत असतील तर एकानेच मागायचा.

पंतप्रधान शिष्यवृत्ती मात्र माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या मुलांसाठी आहे. नोकरीत असलेल्यांनी केलेले अर्ज फुकट जातात. ती अधिकाऱ्यांखालच्या हुद्द्यांसाठी, व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षीच मागायची असते. बारावीला किमान ६० टक्के हवेत. मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात.

या शिष्यवृत्तीच्या कागदांवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची सही लागते, आणि तिथे आपल्या मराठी कुटुंबांची गाडी अडते. निवृत्तीनंतर नोंदणी साताऱ्याला किंवा कोल्हापूरला झालेली, घर मात्र तरसालीत. मूल अकरावीत गेलं की जुन्या जिल्ह्यातून नोंदणी बडोद्याच्या कचेरीत वर्ग करून घ्यावी. जाताना डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ मूळ प्रतींसह न्यावा.